कमरेला लायसनचं वेपन लावून फिरणाऱ्यांसाठी धागा (सोलापूर)

आडत_सोलापूर

नमस्कार मंडळी. कांद्याच्या आडतीत चोवीस वर्षं झाली. सीझनला यार्डातून निघायला रात्रीचे साडेदहा-अकरा होतात. हैदराबाद रोडवरून अख्खं गाव ओलांडायचं, बाळ्याच्या पुढं घर, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाचे पैसे, वाटून उरलेली रोकड सोबत. काही वर्षांपूर्वी आमच्याच ओळीतल्या एकाला गाडी आडवी लावून लुटलं, डोक्यात अकरा टाके पडले. त्यानंतर मी लायसनसाठी अर्ज केला. रीतसर झालं आणि .32 चं पिस्तूल घेतलं.

मागच्या महिन्यात जे घडलं ते लिहितो. दुपारी बँकेत जायचं होतं. आत वेपन नको म्हणून गाडीतच कमरेचं काढलं, सीटखाली ठेवलं, तासाभरानं परत आलो. सीटवर बसल्या बसल्या ते पुन्हा पाऊचमध्ये सारायला लागलो. पाऊच कापडी, दुकानदारानं वेपनसोबत दिलेला, तोंड मऊ. वेपन काढलं की ते तोंड मिटतं, म्हणून मी वेपनच्या टोकानंच ते उघडत होतो. नेहरू शर्टाचा कोपरा आत गेला, चापाच्या कडीत अडकला आणि मी वरून दाबलं. बार उडाला.

गोळी मांडीला घासून सीटमधून खाली गेली. पॅन्टला भोक, मांडीवर चार बोटं लांब भाजल्याची रेघ, शर्टाच्या कोपऱ्याला काळा डाग. कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. गाडीच्या बाजूनं दोन मिनिटांपूर्वी शाळेतली पोरं गेली होती, ती मला अजून दिसतात. त्याच संध्याकाळी ठाण्यात जाऊन लेखी दिलं, झाडलेल्या काडतुसाची पुंगळी दिली. पुढं जे व्हायचं ते होईल, ते माझ्याच चुकीचं असेल.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी दुसऱ्या आठवड्यात मोजायला बसलो की दिवसात माझा हात वेपनला किती वेळा लागत होता. घरून निघताना, दुकानात गादीवर बसताना टोचतं म्हणून, जेवायला, बँकेला, देवळात, परत गाडीत. नऊ वेळा. आणि लुटायला कुणी आलंय म्हणून एकदाही नाही, या सगळ्या वर्षांत. म्हणजे धोका मी रोज नऊ वेळा स्वतःच्या हातानं काढून ठेवत होतो. ही संख्या खाली कशी आणायची, आणि तरी वेळेला वेपन हाताशी कसं राहील, एवढंच विचारायचंय. जे रोज लावून फिरतात त्यांनी मोकळेपणानं लिहा.

सुभेदार_मोहोळ

आडतसाहेब, वाचलात आणि खरं लिहिलंत, दोन्हीसाठी बरं वाटलं. चोवीस वर्षं पायदळात काढली, आता गावाकडं शेती आणि एका ठिकाणी सुरक्षेचं काम. माझ्याकडं कानपूरच्या कारखान्याचं .32 रिव्हॉल्वर आहे, सहा घरांचं, म्हणजे सहा काडतुसं मावणारं.

तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. फौजेत आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं की भरणं, रिकामं करणं, ठेवणं, उचलणं, याच वेळा जपायच्या. अंगावर नीट बसलेलं वेपन आपणहून उडत नाही. उडतं ते हाताळताना, आणि त्यातही परत आत ठेवताना. काढताना माणूस सावध असतो, ठेवताना त्याचं लक्ष पुढच्या कामावर गेलेलं असतं.

आता पाऊच. तो आजच चुलीत घाला. होल्स्टर असं हवं की चाप आणि त्याची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, बाहेरून दाबलं तरी बोट चापापर्यंत पोचता कामा नये. तोंड वेपन काढल्यावरही उघडंच राहिलं पाहिजे. जाड चामड्याचं असेल तर तोंडाला आतून पत्र्याची किंवा दुहेरी चामड्याची पट्टी शिवलेली हवी, नाहीतर टणक प्लास्टिकचं घ्या. आणि ते तुमच्याच वेपनच्या मापाचं असावं. "सगळ्याला चालतं" म्हणून विकतात ते कशालाच चालत नाही.

पट्टा त्याहून महत्त्वाचा आहे हे लोकांना पटत नाही. रिव्हॉल्वर काडतुसांसह पाऊण किलोच्या आसपास भरतं. साध्या फॅशनच्या पट्ट्यावर ते बाहेर लोंबतं, उठता-बसता हलतं, मग माणूस दर पाच मिनिटांनी वरून हात फिरवतो, वर ओढतो. बघणाऱ्याला तिथंच कळतं काय आहे ते. दीड इंची, दुहेरी चामड्याचा, उभा धरला तरी न वाकणारा पट्टा घ्या. तुमच्या नऊमधल्या चार वेळा तिथंच कमी होतील. आणि नाडीच्या पायजम्यावर कधीच लावू नका, कितीही घट्ट बांधली तरी.

परत ठेवायची पद्धत सांगतो, तीच सवय लावा. उभं राहायचं. डाव्या हातानं शर्ट छातीपर्यंत वर धरायचा. मान खाली घालून होल्स्टरचं तोंड डोळ्यांनी बघायचं, लाज वाटायचं कारण नाही. बोट चापाबाहेर, नळीच्या बाजूला सरळ. रिव्हॉल्वर असेल तर अंगठा घोड्यावर, म्हणजे मागच्या हातोडीवर, टेकवायचा. आत काही अडकून चाप दाबला गेलाच तर घोडा अंगठ्याखाली उठायला लागतो, आणि तो उठताना कळतो. कळलं की थांबायचं, बाहेर काढायचं, बघायचं. जोर कधीही लावायचा नाही. वेपन आत जात नसेल तर त्याला कारण असतं.

गाडीत बसून तर नकोच. सीटबेल्ट, शर्ट, पोट, सगळं त्याच जागी गोळा झालेलं असतं.

वकील_सात_रस्ता

मी इथल्या कोर्टात प्रॅक्टिस करते. आडतभाऊ, तुमच्या प्रकरणाबद्दल इथं काही लिहीत नाही, तुमच्या वकिलांशीच बोला आणि इथंही यापुढं जपून लिहा. बाकीच्यांसाठी थोडं लिहिते, कारण "लपवून लावणं गुन्हा आहे का" हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं.

उलट आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशा बॅगेतच न्यायची असं आहे. ती पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर नीट ताबा हवा. म्हणजे शर्टाच्या वरून मूठ दिसेल अशी लावून लग्नात मिरवणं हाच नियमभंग आहे. कुणाला दाखवण्यासाठी बाहेर काढणं तर त्याहून पुढचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर, दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असं बेफिकीर वापरणं किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करणं याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनी हे वाचावं. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच शस्त्रं राहिली आणि लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

लायसनवर क्षेत्र काय लिहिलंय ते बघा. आपल्याकडं हे फार अंगाशी येतं. विजापूर रोडनं टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की कर्नाटक. अक्कलकोटकडूनही तासाभरात हद्द येते. लायसन महाराष्ट्रापुरतं असेल तर पुलाच्या पलीकडं तुमचं वेपन बिनपरवान्याचं झालं. गाणगापूरला दर्शनाला जाताना सवयीनं कमरेला लावून गेलेले लोक मी पाहिलेत. मूळ लायसन नेहमी जवळ हवं, पोलिसांना ते मागायचा अधिकार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शहरात वरचेवर शस्त्रबंदीचे आदेश निघतात, ते पेपरात बारीक अक्षरात असतात. लायसन आहे म्हणून आपल्याला लागू नाही असं धरून चालू नका, ठाण्यात विचारा.

आता चालवण्याबद्दल. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खासगी बचावाची कलमं 34 ते 44 आहेत. जुन्या 96 ते 106 चाच हा नवा क्रमांक समजा. समोरच्याचा जीव जाईल इथपर्यंतचा अधिकार कधी मिळतो ते 38 मध्ये आहे: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटेल असा हल्ला, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. मालमत्तेसाठी 41, त्यात जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी येते. पण सगळ्यावर 37 ची मर्यादा आहे. बचावाला लागेल तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा अधिकारच नाही. बॅग घेऊन पाठमोरा पळणाऱ्यावर गोळी झाडून "मी बचाव केला" म्हणणारा अशील वाचवणं फार अवघड असतं. दर्शन सिंग खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं या कलमांचा सविस्तर ऊहापोह केला आहे. भीती रास्त असेल तर अधिकार तिथंच सुरू होतो, मार खाईपर्यंत थांबायची गरज नाही. मात्र सूड घ्यायला तो मिळत नाही. दोन्ही बाजू तितक्याच लक्षात ठेवा. आणि तो बचावच होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते, म्हणजे तुमच्यावर.

पंप_अक्कलकोट_रोड

वकीलताई, नीट समजलं. मी अक्कलकोट रोडला पंप चालवते. मिस्टर गेल्यानंतर लायसन माझ्या नावावर झालं. सुभेदारकाका, तुम्ही पट्टा आणि पॅन्ट म्हणता, पण बायकांनी काय करायचं? साडीवर होल्स्टर बसत नाही. दोन वर्षं मी पर्समध्ये ठेवलं आणि दोन वर्षं पर्स एका क्षणासाठीही खाली ठेवता आली नाही. ऑफिसात खुर्चीला अडकवली तर कामाची पोरं जवळून जातात. घरी आले तर नात पहिली पर्सच उघडते, तिला चॉकलेट लागतं. त्यात मोटरसायकलवरून येणारा चोर पहिली पर्सच ओढतो. म्हणजे माझं वेपन त्याच्या हातात.

सुभेदार_मोहोळ

ताई, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पर्स हातातून जाते, कंबर जात नाही. पर्समध्ये ठेवायचंच झालं तर त्याला वेगळा कप्पा, कप्प्यात होल्स्टर, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही नको, किल्ली नको, पेन नको. पण माझं मत विचाराल तर अंगावरच.

पंप_अक्कलकोट_रोड

मग मी काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. पंपावर जायच्या दिवशी साडी सोडली, कुर्ता आणि पॅन्ट. कुर्त्याच्या आत तीन बोटं रुंद कॅनव्हासचा पट्टा, त्यावर उजव्या कमरेच्या किंचित मागं होल्स्टर. पहिल्या दिवशी घरी आरशासमोर काढून बघितलं, रिकामं करून, तर हात कुर्त्यातच अडकला. शिंपीकाकांना सांगून उजव्या बाजूचा कट दोन इंच वर घेतला आणि त्या कडेला आतून जाड पट्टी शिवून घेतली, म्हणजे कापड ताठ राहतं, गोळा होत नाही. आता डाव्या हातानं कड धरून वर ओढली की मोकळं होतं. ओढणी मात्र बंद केली. ओढणीचा गोंडा चापात गेला तर आडतदादांसारखंच होणार.

जुळे_सोलापूर_27

सर्वांना नमस्कार. मीही अर्ज करणार आहे, बांधकामाचा व्यवसाय आहे. दोन प्रश्न. एक, शहरात अर्ज कुठं? दोन, गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी झाडायला तयार, ठेवून फिरावं का? व्हिडिओत सगळे सांगतात की चेंबर रिकामं असेल तर वेपन म्हणजे नुसता दगड, वेळेवर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला मिळत नाही.

वकील_सात_रस्ता

शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्त, ग्रामीणला जिल्हाधिकारी. वय 21 पूर्ण हवं. शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, पोलीस पडताळणी, आणि घरी कुठं कसं ठेवणार याचं हमीपत्र लागतं. "व्यवसाय आहे" एवढं कारण पुरत नाही, धोका काय आहे ते कागदावर दाखवावं लागतं.

सुभेदार_मोहोळ

बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेपनवर आणि तुझ्या हातावर आहे. घोडा पडलेला असताना काडतुसाला टेकत नाही, मध्ये अडणी येते, असं रिव्हॉल्वर असेल तर सहाही घरं भरून चालतं. चाप लांब आणि जड असतो, तीच त्याची सेफ्टी. जुन्या बनावटीचं असेल आणि ती अडणी नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, कारण खाली पडलं तर उडू शकतं.

.32 चं पिस्तूल म्हणशील तर आपल्याकडं मिळणारी पुष्कळशी शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्यावरची आहेत. सोबतच्या पुस्तिकेत कंपनीनं काय लिहिलंय ते वाच. पडल्यावर न उडण्याची सोय आहे असं त्यात स्पष्ट नसेल तर चेंबर रिकामं. तुझ्या व्हिडिओतला माणूस दुसऱ्या देशातलं, दुसऱ्या बनावटीचं पिस्तूल लावून बोलतोय आणि तो आठवड्याला शेकडो गोळ्या झाडतो. तुला वर्षाकाठी किती काडतुसं मिळणार ते लायसनवर लिहिलेलं असेल. त्याची नक्कल करू नकोस. स्लाइड ओढायला लागणारा एक सेकंद लांबूनच धोका ओळखून मिळवायचा असतो. फोन खिशात, कान उघडे, गाडीत बसायच्या आधी चाकाच्या मागं एक नजर. हे ज्याला जमलं त्याला तो सेकंद मिळतो. ज्याला जमलं नाही त्याचं भरलेलं चेंबरही कमरेतच राहतं.

आणि पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागं ओढायची. चेंबरमधली गोळी बाहेर पडते, तरी डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून बघायचं. मॅगझिन काढलं की रिकामं झालं असं समजून किती जण गेलेत. ही गोळी लोक विसरतात, तिला मॅगझिनशी काही देणंघेणं नसतं.

व्यवस्थापक

गावठी कट्ट्याची किंमत विचारणारा प्रतिसाद काढला आहे, सदस्यत्वही बंद केलं आहे. इथं फक्त लायसनच्या शस्त्राबद्दल बोलायचं. खरेदी-विक्री कुणी काढू नये.

मंगळवेढा_काळी

आमच्याकडं रात्रीची लाईट असते, मोटर चालू करायला दोन वाजता रानात जावं लागतं, म्हणून वडिलांच्या काळापासून लायसन आहे. माझा प्रश्न घामाचा. उन्हाळ्यात पारा 42-43 ला जातो. अंगाला लागलेल्या बाजूनं वेपनवर आठ दिवसांत तांबूस ठिपके येतात. वर काळ्या रानाची धूळ, ती तेलाला धरते आणि घोड्याच्या खाचेत चिखल होतो.

सुभेदार_मोहोळ

घाम म्हणजे मीठ. रोज रात्री रिकामं करून कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं, मग तेलाचा नुसता हात. थेंब दिसला म्हणजे जास्त झालं. जास्त तेल काडतुसाच्या बुडाशी गेलं तर वेळेला फुसकं निघतं. आणि रात्रभर चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं दिवसभराचा घाम धरून बसतं. होल्स्टर वेगळं वाळवा. उन्हात नको, कडक होऊन आकार जातो. अंगावरची काडतुसं वर्षभर तीच ती फिरवू नका, सरावाला ती आधी वापरा आणि नवी भरा.

झाडताना बार न होता नुसतं टक् झालं तर लगेच उघडून बघायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. कधी कधी उशिरा उडतं.

बार्शी_रोड

एक राहून गेलं. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, 1979 पासून. वन्यजीव कायद्यात अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय कुठलंही शस्त्र न्यायला मनाई आहे, लायसनचं असलं तरी. पाहुण्यांना हरणं दाखवायला आत वळताना हे लक्षात ठेवा.

जमा_केलं

मी वेगळं लिहितो, राग मानू नका. माझ्याकडं सोळा वर्षं रिव्हॉल्वर होतं. कपाटाला कुलूप, किल्ली देव्हाऱ्यात गणपतीच्या मागं. मला वाटायचं कुणाला माहीत नाही. एका दुपारी झोपेतून उठलो तर अकरा वर्षांचा नातू पलंगावर बसलेला, मांडीवर रिव्हॉल्वर, आणि तो एका डोळ्यानं नळीत बघत होता. मी ओरडलो नाही. कसा ते मला माहीत नाही. त्याच्या शेजारी बसलो, म्हटलं, दे बरं माझ्याकडं. त्यानं दिलं. सहाही घरं भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी लायसन असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडं रिव्हॉल्वर जमा केलं, नंतर लायसनही रद्द करून घेतलं. मला जी भीती होती ती चोराची होती, चोर कधी आला नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी ठेवावं. पण गरज संपली का, हे दर वर्षी स्वतःला विचारावं. मी दहा वर्षं विचारलं नव्हतं.

आडत_सोलापूर

अण्णा, राग कसला. तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आमची किल्ली देव्हाऱ्यात नाही, पण पिठाच्या डब्याखाली होती, म्हणजे तेच. आता आकड्याच्या कुलपाची लोखंडी पेटी भिंतीत बसवून घेतली, काडतुसं वेगळ्या कप्प्यात. आकडा फक्त आम्हा दोघांना.

चाटी_गल्ली

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, काठ्यांच्या मिरवणुकीत काय करता तुम्ही लोक? संक्रांतीला पाय ठेवायला जागा नसते.

सुभेदार_मोहोळ

घरी ठेवतो. तसल्या गर्दीत कुणी तुमच्या कमरेला हात घातला तर कळत नाही, आणि वेळ आलीच तर तुमच्या गोळीपुढं एकच माणूस नसतो, पन्नास असतात. नेहमीच्या बाजारातल्या गर्दीत कोपर होल्स्टरला लावून चालायचं. यात्रेत ते पुरत नाही.

वकील_सात_रस्ता

त्याला कायद्याची बाजूही आहे. बचावात निष्पाप माणसाला इजा होण्याचा धोका पत्करायचा अधिकार कलम 44 देतं, पण तो जीवघेण्या हल्ल्यातून दुसरा मार्गच नसेल तेव्हाच. घराबद्दलही हेच बघा. आपल्याकडं पत्र्याच्या आणि एका विटेच्या भिंती आहेत, पलीकडं कुणाचं तरी अंथरूण असतं.

आणखी एक, कारण हे कुणीच शिकवत नाही. झाडावं लागलंच तर धोका संपल्याक्षणी 112 ला फोन. आपण कोण, कुठं, लायसनधारक आहोत, जखमीसाठी ॲम्ब्युलन्स हवी, एवढं सांगायचं. पोलीस पोचतील तेव्हा वेपन हातात असू नये, त्यांना कोण चोर आणि कोण आडत्या हे माहीत नसतं. पुंगळ्या उचलायच्या नाहीत, जागा पुसायची नाही.

जुळे_सोलापूर_27

काका, सराव कसा करायचा ते सांगा. रेंज रोज परवडत नाही.

सुभेदार_मोहोळ

घरीच, रिकाम्यावर. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून त्या खोलीला कडी लावायची. रिकामं आहे हे दोनदा बघायचं. भरणं, रिकामं करणं नेहमी एकाच ठरलेल्या जागी, वाळूनं भरलेल्या बादलीकडं नळी करून. सरावाचं निशाण जाड भिंतीवर, जिच्या पलीकडं कुणी राहत नाही. डमी काडतुसं मिळतात ती वापर.

आधी कपडा. डाव्या हातानं शर्ट मूठभर धरून छातीपर्यंत वर. मग उजवा हात मुठीवर. पकड होल्स्टरमध्येच पूर्ण बसली पाहिजे, बाहेर काढून सुधारायची नाही. सरळ वर, मग पुढं, दोन्ही हात जुळतात. निशाणावर नळी जाऊन झाडायचं ठरेपर्यंत बोट बाहेर. रोज दहा वेळा, हळू, मोजत. वेग आपोआप येतो, मुद्दाम आणलेला वेग मांडीत गोळी घालतो. आणि त्या दहातून पाच वेळा काढून फक्त थांबायचं, ओरडायचं "थांब, मागं हो", आणि न झाडता परत ठेवायचं, मान खाली घालून, अंगठा घोड्यावर. चाप दाबायचाच सराव केला तर हात दुसरं काही शिकत नाही. सराव संपला की संपला. भरून ठेवल्यावर "अजून एकदा" करायचं नाही. घरातल्या कितीतरी भिंतींना त्या एका वेळेनंच भोकं पडलीत.

थोडी घेतलेली असेल त्या दिवशी वेपन पेटीतच. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

आडत_सोलापूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. प्रकरण चालू आहे, वेपन सध्या ठाण्यात जमा आहे, वकीलताईंच्या सल्ल्यानं त्यावर अधिक लिहीत नाही. पण तयारी थांबवली नाही. त्याच वजनाचा आणि आकाराचा लाकडाचा ठोकळा सुताराकडून करून घेतला, आत शिशाचा तुकडा बसवला. दुहेरी चामड्याचा पट्टा आणला, होल्स्टर मापानं शिवून घेतलं, तोंडाला आतून पट्टी. दिवसभर तो ठोकळा लावून यार्डात फिरतो.

गादीवर मांडी घालून बसलं की टोचायचं, म्हणून काढायची सवय होती. होल्स्टर कमरेच्या हाडाच्या दीड इंच मागं सरकवलं आणि गादीच्या जागी उंच खुर्ची घेतली. बँकेचं काम मुलाकडं दिलं, दुपारी तो जातो, मोकळ्या हातानं. देवळात सकाळी घरून निघायच्या आधीच जातो. जेवण डब्यातलं, दुकानातच. गेले नऊ दिवस मोजतोय. सकाळी एकदा लावतो, रात्री एकदा काढतो. दोन. काल पहिल्यांदा दुपारभर कमरेवर काही आहे हेच विसरलो होतो.

नेहरू शर्ट सोडले. बुशशर्ट, खाली सरळ कापलेले, गुंडी लावायची नाही. हमालांनी विचारलं, शेट, पोरगं झालात की काय.

पंप_अक्कलकोट_रोड

दादा, ठोकळ्याची कल्पना फार आवडली. मीही करून घेते, नवीन पट्ट्यावर आधी तोच लावीन.

सुभेदार_मोहोळ

दोन वर आणलं, शाब्बास. वेपन परत मिळेल तेव्हा पहिले आठ दिवस पुन्हा मोजा, खरं आणि लाकडी यात हाताला फरक कळतो, हात उगाच तिकडं जातो. आणि होल्स्टर पट्ट्यावर अडकतं त्या पट्टीचे टाके आठवड्याला एकदा बघत जा. सगळा भार तिथंच येतो.

आडत_सोलापूर

तुमचं वाचून आत्ताच उजेडात धरून बघितलं. वरून दुसरा टाका सुटलाय, दोरा बाहेर आलाय. नऊ दिवसांत. सकाळी मोच्याकडं देतो, जाड दोऱ्यानं दुहेरी मारून घेतो.

सुभेदार_मोहोळ

मेण लावलेला दोरा सांगा.